उकिरड्यावरचा दिवा

बोरखेडात त्या काळी ज्याला त्याला आपला उकिरडा होता. पाटलांचा वडाखाली, पुंजारामचा त्याच्या खालच्या अंगाला, असे गावकुसाबाहेर ओळीनं ते बसलेले असत, आणि कुणाचा कुठं संपतो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. दुसऱ्याच्या उकिरड्यावर विचारल्याशिवाय कुणी राखेची चिमूट टाकत नसे. टाकली तर भांडण व्हायचं, आणि ते भांडण पोळ्यापर्यंत पुरायचं. दिवाळीला घरात, गोठ्यात, तुळशीपाशी दिवे लागले की घरची बाई शेवटची पणती पदराआड धरून उकिरड्यावर जायची. तिथली लक्ष्मी शेणाची असली म्हणून काय झालं, वर्षाचं पीक तिच्यावरच उभं असायचं. ज्या घरची पणती, त्या घरचा उकिरडा. यापलीकडे कुणी कधी पुरावा मागितला नव्हता.

मग कापसाला भाव आला. समुद्रापल्याड कुठं तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी बोरखेडचा कापूस विलायतेला चालला होता, एवढंच गावाला कळलं होतं. कोण कोणाला मारतंय याची चौकशी कुणी केली नाही. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मातीची मडकी गेली, पितळी गुंड आले. गवती छपरं उतरली आणि कवेलू चढले. एका शेटनं पाटलांकडून उकिरड्यांचीच जागा घेतली, वर मांडव घातला आणि खाली सरकी काढायचे रेचे मांडले. बाया दिवसभर रेच्याचा दांडा फिरवायच्या. रुई एका अंगाला पडायची, सरकी दुसऱ्या अंगाला. खत वावरात न्यायला कुणाची गाडी रिकामी नव्हती, साऱ्या गाड्या अमरावतीच्या वाटेला लागलेल्या. खत नसलं तरी कापूस येतच होता. मग घरचा केर, गोठ्याचं शेण आणि शेटची ओली, सडकी सरकी जाणार कुठं?

नाल्याच्या काठाला पडीत जागेचा एक तुकडा होता, सहदेव माळ्याच्या भाजीच्या बाडीच्या कुंपणाला लागून. त्याच्या खालच्या अंगाला सहदेवची विहीर. गावाला तो तुकडा फार सोयीचा वाटला.

सहदेवची बायको जमुना एका सकाळी वांग्यांच्या ओळीत खुरपत होती. कुंपणापलीकडे धप्प झालं म्हणून तिनं मान वर केली, तर पुंजाराम गाडीतून जुनं छप्पर ओढून खाली टाकत होता. छपराच्या मागोमाग दोन फुटके रांजण पडले आणि मग एक गोधडी. गोधडीवर कुणीतरी बरेच दिवस आजारी पडून होतं, हे लांबूनही कळत होतं.

"पुंजाराम भाऊ, अथी काहून टाकून राहिले गा?"

"मंग कुठी टाकू? माह्या उकिरड्यावर शेटचे रेचे बसले."

"खाली आमची इहीर हाय."

"इहीर कुंपणाच्या आत हाय. मी भाईर टाकून राहिलो," पुंजाराम म्हणाला. यात काही वावगं आहे असं त्याच्या तोंडावर कुठं दिसत नव्हतं. त्यानं बैल वळवले आणि तो गेला.

तो गेला आणि इतर येऊ लागले. सुरुवातीला लोक तोंड चुकवून यायचे, रामपारी यायचे, टोपलं रिकामं करून झपाझप चालू लागायचे. शेटच्या गाड्या मात्र भरदिवसा यायच्या. त्यांच्यातून सरकी पडायची, काडीकचरा पडायचा, आणि चार दिवसांनी ढिगातून वाफ निघायची. आंबूस वास बाडीभर बसून राहायचा. भाकरी खाताना यायचा, लुगड्याला यायचा, डोक्यावरून न्हायलं तरी केसांना यायचा. सहदेव दोनदा पाटलांकडे जाऊन आला. खुशालराव पाटील वाईट माणूस नव्हता, फक्त त्या दिवसांत त्याला वेळ नव्हता. "पायतो," असं तो म्हणाला, आणि दोन्ही वेळा तेवढंच म्हणाला.

सहदेवचा बाप नत्थुजी विहिरीपाशी लिंबाखाली बसून असायचा. त्याचे डोळे गेले होते. ती विहीर त्यानं तरणेपणी भावाला घेऊन आपल्या हातानं खोदली होती, आणि मोट चालू झाली की पाण्याच्या आवाजावरून तो सांगायचा, आज पाणी किती आहे. बायको गेली तरी त्याचं दुसरं काही मागणं नव्हतं. भाकरी कशीही चाले, पाणी विहिरीचं लागे.

दिवाळीच्या दिवशी जमुनानं घरचे दिवे लावले, गोठ्यात लावला, बाडीतल्या आपल्या लहानशा उकिरड्यावर लावला आणि परत येऊन ती सासऱ्यापाशी बसली.

"भाईरच्या ढिगावर लावला का?" नत्थुजीनं विचारलं.

"तो आपला नाई, मामाजी."

"मंग कोनाचा हाय?"

"कोनाचाच नाई."

"कोनाचाच नाई म्हून सणाच्या दिवशी अंधारात ठिवाचा? उकिरडा हाय तो. तेल सरलं का?"

तेल होतं. आणि खरं सांगायचं तर जमुनालाही ते खुपतच होतं. घाण खरी, पण तिच्यात शेण होतं, चुलीची राख होती, कुणाकुणाच्या घरातून निघालेलं सारं होतं. दाराशी आलेलं एवढं मोठं काही दिवाळीला काळोखात ठेवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं पणती घेतली, कुंपणाच्या फटीतून ती बाहेर गेली आणि सरकीच्या वाफेत पाय रुतवत तिनं ती ढिगावर ठेवली. रेच्याच्या मांडवातल्या बायांनी ते पाहिलं. पाहण्यासारखं होतंच, एवढ्या ढिगावर एकच दिवा.

भाऊबीज झाल्यावर सहदेव पुन्हा चावडीवर गेला. या वेळी पाटलांना वेळ होता. चार माणसं बसलेली होती, पुंजारामही होता.

"सहदेव, उकिरडा कोनाचा हे आपुन कसं ठरवतो?" पाटलांनी विचारलं.

"दिवा लावते त्याचा."

"तथी दिवा कोनं लावला?"

सहदेवनं बसलेल्यांकडं पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. पुंजारामनं खाली पाहत सांगितलं, "जमनाबाईनं लावला. साऱ्या गावानं पाह्यला."

"मंग झालं तर. तुहाच उकिरडा, अन् तूच आमाले म्हनतं की उचला," पाटील म्हणाले आणि हसले. बाकीचेही हसले. त्या हसण्यात फारसं वाकडं काही नव्हतं, एका कटकटीतून सुटल्याचं हसणं होतं ते.

सहदेव घरी आला. त्यानं पागोटं खुंटीला लावलं, बैलांना कडबा टाकला, आणि मग जमुनाला म्हणाला, "दिवा लावाच्या आधी मले एक डाव इचारलं असतं तर."

एवढंच. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिलाही भांडता आलं असतं, सासऱ्याचं नाव सांगता आलं असतं. तिनं ते सांगितलं नाही. त्या घटकेपासून तो ढीग तिच्या छातीवर येऊन बसला.

आता लोक तोंड चुकवत नव्हते. "जमनाबाई, तुह्या उकिरड्यावर टाकून राहिलो वं," असं हाक मारून सांगायचे, जणू तिला काही आणूनच देत होते. मोडकी खाट, फाटके टट्टे, कुजलेली सुपं, एकदा मेलेलं वासरू. वासराला सहदेवनं एकट्यानं ओढत नाल्यापार नेऊन पुरलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली.

पुढचा पावसाळा जोराचा झाला. ढिगातून झिरपलेलं काळं पाणी उतारानं आलं, कुंपणाखालून आत शिरलं आणि विहिरीच्या दगडांतून ठिबकू लागलं. आधी पाण्याला रंग आला. मग तवंग आला. मग वास. मोट उपसली की थारोळ्यात फेस यायचा आणि बैल त्यात तोंड घालून फुर्रकन मागं सरायचे. जमुना प्यायचं पाणी नाल्याच्या वरच्या अंगाच्या झिऱ्यावरून आणू लागली. डोक्यावर घागर, पायाखाली चिखल, आणि बाडीत तण वाढत चाललेलं.

भाजीची पाटी घेऊन ती गावात जायची, तेव्हा पहिलं दार ठरलेलं असायचं. आधी पाटलांचं घर, भवानी तिथं. त्या दिवशी पाटलीण सत्यवतीबाई ओसरीवर आल्या, त्यांनी एक वांगं उचललं, नाकाशी नेलं आणि परत पाटीत ठेवलं.

"राग नको मानू जमुना. पर उकिरड्याच्या पान्यावरची भाजी घरात कशी घेऊ? लेकरंबाळं हायेत."

जमुनाला म्हणायचं होतं, बाई, त्या ढिगात तुमच्याच घरची चूल आहे. तुमचा जुना पाळणा मी ओळखते, त्याच्या एका खुराला तांबडा रंग आहे. तिनं चुंबळ सारखी केली, पाटी डोक्यावर घेतली आणि ती पुढच्या दारी गेली. पुढच्या दारीही पाटलीणबाईंनी काय केलं ते पोचलं होतं. पाटी तशीच परत आली. वांगी बैलांपुढं टाकली.

नत्थुजीला झिऱ्याचं पाणी गोड लागेना. "हे कोनतं पानी देतं वं मले? माह्या इहिरीचं दे," तो म्हणायचा. जमुना सांगायची की विहिरीला वास येतो, पिऊ नका. म्हाताऱ्याला पटत नसे. आपण खोदलेल्या विहिरीला कोणी नावं ठेवतंय असं वाटून तो रुसायचा, पोरासारखा तोंड फिरवायचा. एका दुपारी तिची मान अवघडली होती, झिऱ्यावर गर्दी होती, घरात थेंब नव्हता. म्हातारा पाणी पाणी करत होता. तिनं विहिरीचं पाणी फडक्यातून गाळलं आणि लोटा त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "आता कसं."

तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. हगवणीनं आतून पार रिकामा झाला होता. त्या साली गावात आणखीही माणसं त्याच दुखण्यानं गेली, त्यामुळं कुणी जमुनाकडं बोट दाखवलं नाही. सहदेवला लोट्याचं ठाऊकच नव्हतं. तिला मात्र ठाऊक होतं. मोट भरताना, भाकरी थापताना, पाठ टेकताना तिला तो लोटा दिसायचा आणि ते "आता कसं" ऐकू यायचं.

त्या दिवाळीला घरात दुखवटा होता. चूल सोडून कुठंही काही पेटलं नाही. ढीगही अंधारात राहिला.

उन्हाळ्यात दोघांनी विहीर उपसली. सहदेव खाली उतरायचा, काळा गाळ टोपल्यात भरायचा, आणि जमुना वरून दोर ओढायची. मजूर मिळत नव्हते, सारे रेच्यावर. तळहात सोलले, त्यावर हळद लावून तिनं पुन्हा दोर धरला. सहदेव वर आला की त्याच्या अंगाचा वास त्याला स्वतःलाच सहन होत नसे, तो भाकरीसुद्धा लांब बसून खायचा. विहीर उपसून झाली. पाणी आलं. चार दिवस बरं होतं, मग वास परत आला. वर ढीग होता तोवर तो येणारच होता.

आणि मग सारं जणू एका दिवसात झालं. समुद्रापल्याडची लढाई संपली म्हणे. अमरावतीला गेलेल्या गाड्या भरल्या तशा परत आल्या. शेट रेचे घेऊन एका सकाळी निघून गेला, मांडवाचे बांबू लोकांनी नेले. शिंगांच्या शेंब्या कधी उतरल्या ते कुणी पाहिलं नाही. वावरांनी तीन वर्षं खताशिवाय कापूस दिला होता, त्यांनीही आता हात आखडला. रोपं वीतभर येऊन पिवळी पडायला लागली.

सहदेवनं एकदा सहज ढिगात कुदळ घातली. वरचा हातभर थर चिंध्या-खापरांचा होता. खाली काळंभोर, भुसभुशीत, मुठीत घेतलं की मऊ लागणारं खत. सरकी, शेण, गवत, सारं मुरून एक झालं होतं. त्यानं मूठभर जमुनाला आणून दाखवलं.

"हे बाडीत पडलं तर माती पुना उठन," तो म्हणाला. "अन् ढीग सरला का इहीर बी सुधरन."

बऱ्याच महिन्यांनी त्याच्या आवाजात काही तरी होतं. दोघांनी टोपली घेतली आणि कांद्याच्या वाफ्यापासून सुरुवात केली. डोक्यावरून वाहायचं काम, दिवसाला थोडंच व्हायचं. पण होत होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा पाटलांची गाडी आली, दोन गडी घेऊन. गड्यांनी वरचा थर फावड्यानं ओढला, गोधड्या, खापरं, मोडक्या खाटा सगळं कुंपणावरून आत, नुकत्याच खत घातलेल्या वाफ्यात लोटलं, आणि खालचं काळं खत गाडीत भरलं. जमुना धावत गेली तोवर गाडी हलली होती.

सहदेव चावडीवर गेला. "पाटील, ढीग माहा हाय. तुमीच ठरवलं."

"तवा ठरवलं. पर मागच्या दिवाळीले दिवा कुठी लावला तुमी?"

"माहा बाप गेला होता. दुखवटा होता घरात."

"असन. पर दिवा लागला नाई म्हन्जे उकिरडा बेवारस झाला. औंदा जो लावन, त्याचा." पाटलांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, त्यांचीही वावरं पिवळी पडली होती. "अन् खत तसं साऱ्या गावचंच होय, सहदेव. गावानंच टाकलं ते."

सहदेव घरी आला, पाटील काय म्हणाले ते त्यानं सांगितलं आणि तो खाटेवर आडवा झाला. "नेऊ दे त्याले," तो म्हणाला. "मले नाई होत आता."

जमुना उठून बाहेर गेली. वाफ्यातली खापरं ती दिवेलागणीपर्यंत वेचत राहिली.

दिवाळीच्या दिवशी ती उजेड असतानाच पणती घेऊन निघाली. कुंपणाबाहेर आली तर ढिगापाशी सत्यवतीबाई उभ्या होत्या, एकट्या. हातात पितळी निरांजन, पदराआड झाकलेलं, अजून न पेटवलेलं. पाटलाच्या घरची बाई उकिरड्यापाशी उभी राहताना कशी दिसते, हे त्यांना स्वतःलाच कळत होतं. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला.

"यजमानानं पाठवलं," त्या म्हणाल्या.

"मालूम हाय, पाटलीनबाई. बसा. पानी आनतो."

दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, एवढं जमुनाला वळण होतं. ती आत गेली. झिऱ्याची घागर भरलेली होती. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, घागरीला हात न लावता ती थारोळ्यापाशी गेली, तिनं लोटा बुडवला आणि आणून सत्यवतीबाईंच्या हातात दिला.

लोटा तोंडाजवळ आला आणि वास आला. सत्यवतीबाईंचा हात थांबला.

"हे तेच पानी का, जमुना?"

"तेच. उन्हाळ्यात उपसली इहीर. माह्या धन्यानं कंबर मोडून घेतली. तरी बी तेच."

सत्यवतीबाई लोट्यात पाहत राहिल्या.

"दिवा लावा तुमी, मी हात धरत नाई," जमुना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो फक्त थकलेला होता. "पर उकिरडा घेतला तर इहीर बी घ्या. वास बी घ्या. ह्या पान्यानं माहे मामाजी गेले. माह्या हातानं देल्लं मी त्याईले, याच लोट्यानं. मी कोनालेच नाई सांगतलं, घरात बी नाई. ते बी घ्या."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. ती तिथंच ढिगाच्या कडेला खाली बसली.

सत्यवतीबाईंनी मान ताठ केली. हट्टानं असेल, लाजेनं असेल, त्यांनी लोटा उचलला आणि ओठांना लावला.

जमुना झटकन उठली. तिनं लोट्यावर हात मारला. लोटा सुटला, ढिगावरून गडगडत खाली गेला आणि पाणी खतात जिरलं.

"नाई, बाई," ती म्हणाली. "नोका पिऊ. लेकरंबाळं हायेत तुमाले."

गावातला पहिला दिवा लागला, मग दुसरा. सत्यवतीबाईंनी लुगड्यानं ओठ पुसले, पुन्हा पुसले. मग त्यांनी आपलं निरांजन तिरपं केलं आणि त्यातलं तेल जमुनाच्या पणतीत ओतलं. पणती काठोकाठ भरली.

"घरी काय सांगसान?" जमुनानं विचारलं.

"वारा लय होता म्हनीन. निरांजन ठयरलंच नाई."

झाडाचं पान हलत नव्हतं. सत्यवतीबाई रिकामं निरांजन पदराआड घेऊन नाल्याच्या वाटेनं निघाल्या. मोडक्या पाळण्यापाशी त्या जराशा थबकल्या आणि पुढं गेल्या.

जमुनानं पणती पेटवली आणि ढिगावर ठेवली. विहिरीपाशी सहदेव उभा होता. तो केव्हापासून उभा होता आणि त्यानं काय काय ऐकलं होतं, ते तिला विचारवेना. तो आला, खाली वाकला, खतात पडलेला लोटा त्यानं उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"झिऱ्याचं पानी हाय ना घरात?" त्यानं विचारलं.

"हाय."

"चाल मंग. सकायी टोपलं उचला लागन."